मेश्रामांच्या घरची पेशवाई पंगत

मारोती मेश्राम यांना माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरचा माणूस निदान तेवढ्या लायकीचा असावा लागतो, आणि मारोतीबाबूंच्या मते रायपुरात तसा माणूस उरलेला नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपात वॅगनींचे ब्रेक दुरुस्त केले. निवृत्तीनंतरची बारा वर्षं त्यांनी माणसं तपासण्यात घालवली आणि एकेकाला नापास केलं. शेजारचा निवृत्त गार्ड रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायचा, तो बिनडोक. विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष माईक सोडत नसे, तो बोलघेवडा. आणि ज्यानं दारावरच्या पाटीवरून आडनाव काढून नुसतं 'एम. आर. निवास' लिहिलं होतं, त्या कोपऱ्यावरच्या वीज सबस्टेशनवाल्याकडे तर ते बघतसुद्धा नसत.

"कणा नाही," ते म्हणत. "बाबासाहेबानं कणा देला, यायनं तो भंगारात इकला."

हे ते कॉलनीत म्हणत, विहारात म्हणत, चहाच्या टपरीवर आपल्याच चार माणसांत म्हणत. जुन्या रायपुरात, ब्राह्मणपाऱ्याच्या वस्तीत वगैरे जाऊन कुणाला ऐकवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

बायको सरला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात मुलगा यशदीप आणि सून भावना. यशदीप सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात काटाघरात होता. ट्रक आत येताना आणि बाहेर जाताना त्यांचं वजन घ्यायचं, पावती फाडायची. घरी यायचा तेव्हा कानात, नाकात काळी भुकटी असायची आणि तोंडात हिंदी असायची. मारोतीबाबू मराठीत विचारत, तो निम्मं हिंदीत उत्तर देई. मुलगा आपलाच होता म्हणून त्याला नापास करताना मारोतीबाबूंना थोडे कष्ट पडत, पण ते करत.

भावनाबद्दल मात्र त्यांचं मत चांगलं होतं. ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी. भावना भंडाऱ्याची. हिवाळा लागला आणि बाजारात कोथिंबिरीचे ढीग पडले की ती सांबारवड्या करायची. वैदर्भी माणसाच्या तोंडी कोथिंबीर म्हणजे सांबार. सकाळी सांबार निवडून, धुऊन, सुती लुगड्यावर पसरून ठेवायची, कारण पाण्याचा थेंब राहिला तर वडी कढईत फुटते. मग खसखस, खोबरं, तीळ भाजून सारण करायची. बेसनाची पारी लाटून तिला आतून तेल, चिंच, मसाल्याचा हात फिरवायची, त्यावर सारण, आणि पाकिटासारखी घडी. तिच्या वड्या कारखान्यातल्या लोकांनी खाल्ल्या, त्यांच्या बायकांनी मागवल्या, त्या बायकांच्या बहिणींनी मागवल्या. वर्षभरात ती कुरड्या, सरगुंडे, मिरचीचं तिखटसुद्धा विकायला लागली. मग यशदीपनं मोबाईलवर एक पेज काढलं.

पेज निघालं आणि भानगड तिथूनच सुरू झाली. पेजला नाव असून भागत नाही म्हणे. त्याला स्वतःचा पत्ता घ्यावा लागतो, नाहीतर नावाच्या मागे आकड्यांचं लांबलचक शेपूट लोंबत राहतं आणि कुणाला तोंडी सांगता येत नाही. पत्ता एकदा घेतला की तोच कार्डावर, तोच पिशवीवर. पुढे बदलला तर जुना पत्ता दाबणाऱ्याला 'हे पान सापडत नाही' एवढंच दिसणार.

या कामासाठी एका रविवारी दुपारी विहंग आला. यशदीपचा कॉलेजातला मित्र, तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला. मराठी त्याला सगळी कळायची, बोलायचा मात्र हिंदीत. लोकांच्या दुकानांना मोबाईलवर नावं काढून देणं हा त्याचा धंदा होता. त्याला तो 'डिजिटल कन्सल्टन्सी' म्हणायचा. माणसाला बारशाची आत्या व्हायचे पैसे मिळतात हे ऐकून मारोतीबाबूंनी पेपर तोंडासमोर धरला आणि पेपराआडून ऐकू लागले.

"पत्ता ऐसा चाहिए भाभी, कि जुबान पे चढ़ जाए," विहंग म्हणाला.

'वऱ्हाडी रसोई' कुणीतरी घेतलेलं होतं. 'विदर्भ स्वाद' गेलेलं. 'सांबारवडी रायपूर' मोकळं होतं, पण विहंग म्हणाला की रायपूरवाले सांबार वाचून सोबत इडली मागतील. भावना दारात उभी होती, हाताला बेसन होतं.

"भावना मेश्राम किचन टाकून पाहा ना," ती म्हणाली.

विहंगनं टाकलं. बाजूला हिरवी खूण उमटली. पत्ता मोकळा होता, कुणी मागितला नव्हता. तरी विहंगनं मान खाजवली.

"है तो अवेलेबल. मतलब, नाम अच्छा है भाभी. बस वो ब्रँडवाला फील नहीं आ रहा."

"आडनाव काहून पाहिजे?" यशदीप पटकन म्हणाला. "खाने की चीज है. लोक पाह्यतात."

"काय पाह्यतात?" पेपराआडून प्रश्न आला.

"सब देखते हैं, बाबा."

मारोतीबाबूंनी पेपराची घडी केली. "ताकाला जाऊन भांडं लपवून राहिला तू. नाव लपवून धंदा करण्यापरीस काटाघरात ट्रक मोज. तिथं तरी तुले कोणी नाव इचारत नाही." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि विहाराकडे चालू लागले. वाद घालायलासुद्धा समोर माणूस लागतो, असं त्यांचं मत होतं.

दिवेलागणीला ते परतले तेव्हा विहंग गेला होता आणि पत्ता ठरला होता. त्यांनी भावनाला विचारलं. ती कढई घासत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, "पेशवाई पंगत रायपूर."

मारोतीबाबूंना वाटलं, आपल्या कानात काही बिघाड झाला. त्यांनी यशदीपला हाक मारली, मोबाईल मागितला, चष्मा लावला. पेजवर वर एक पुणेरी पगडी होती, पगडीखाली नथ, नथीखाली केळीच्या पानावर पाच सांबारवड्या. पुणं या घरातल्या एकाही माणसानं पाहिलेलं नव्हतं.

"पेशवाई," ते म्हणाले. "अन् पंगत."

"विहंग बोला, पेशवाई बिकता है."

"विकत असन. ज्यायच्या पंगतीत तुह्या आज्याले उंबऱ्याच्या आत येऊ नाही देलं, त्यायची पंगत तू मांडून राहिला. अन् वाढपी कोण? माही सून!"

"आजा भंडाऱ्यात होता, बाबा. तिथं पेशवे नव्हते."

"मंग काय त्याले तिथं खुर्ची देऊन राहिले होते?"

यशदीप मोबाईल उचलून आत निघून गेला. त्याची ही सवय मारोतीबाबूंना सगळ्यात जास्त खटकायची. उलटून बोलणारा पोरगा असता तर त्यांनी त्याला निदान अर्धे गुण दिले असते. त्या रात्री त्यांनी ताटातल्या वड्यांना हात लावला नाही आणि भावनाला वाईट वाटलं असेल याचा विचारही केला नाही. वड्या तिनं तळल्या होत्या, पत्ता तिनं ठरवला नव्हता. पण तिरस्काराचं असंच असतं, तो एकदा निघाला की वाटेत कोण उभं आहे ते बघत नाही.

पत्ता चालला, हे खरं दुखणं होतं. महिनाभरात पेजवर शंकरनगरहून, भिलाईहून, बिलासपूरहून ऑर्डरी येऊ लागल्या. बायका लिहायच्या, 'अगदी आपल्याकडची चव.' मारोतीबाबू ती वाक्यं मुद्दाम मोठ्यानं वाचत. "आपल्याकडची! कोणाच्याकडची, हे त्यायले सांग ना एकडाव." यशदीप मोबाईल घेऊन बाहेर जायचा. भावना सांबार निवडत बसायची. आता ती दिवसाला तीन जुड्यांच्या जागी वीस निवडत होती आणि तिच्या बोटांची टोकं हिरवी राहायला लागली होती.

मग गोदावरीबाईंचा फोन आला. ब्राह्मणपाऱ्यातलं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचं घर. नात गंधाली हिचं लग्न ठरलं होतं, तिचं केळवण होतं आणि त्यात दीडशे माणसांना सांबारवडी हवी होती. पुढे लग्नाचा रुखवत, तिखट, कुरड्या, तेही इथूनच घ्यायचा विचार होता. एवढी मोठी ऑर्डर भावनाला कधी मिळाली नव्हती. फक्त बाईंची एक अट होती. त्या म्हणाल्या, "मी वस्तू करणाऱ्याच्या घरी जाऊन, चाखून मगच सांगते हो. आमच्याकडे तशीच रीत आहे." शनिवारी सकाळी येते म्हणाल्या.

शुक्रवारी यशदीप कामावरून आला आणि हातपाय न धुता बैठकीत उभा राहिला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी बुद्धमूर्तीचा कोनाडा. यशदीपनं स्टूल ओढलं.

"काय करून राहिला?" मारोतीबाबूंनी विचारलं.

"एक घंटे की बात है, बाबा. ते चालले गेले की परत लावतो."

मारोतीबाबू उठले. आयुष्यभर साठवलेले सगळे शब्द त्यांनी बाहेर काढले. शेळपट म्हणाले, लाचार म्हणाले, तुझ्यापेक्षा कोपऱ्यावरचा सबस्टेशनवाला बरा म्हणाले, त्यानं निदान दोन अक्षरं तरी ठेवली. "माह्या पोटी असा पोट्टा कसा निपजला? कोणाकडून शिकला तू नाव लपवाले?"

यशदीप स्टुलावर उभा होता. तो खाली उतरला. आणि त्या दिवशी, मारोतीबाबूंच्या आठवणीत पहिल्यांदाच, तो सगळं मराठीत बोलला.

"तुमच्याकडून शिकलो. शाळेत नाव घालाले तुम्हीच नेलं होतं मले. शहरातली मोठी शाळा. मास्तरनं इचारलं, पूरा नाम? मी तुमच्याकडं पाह्यलं. तुम्ही सांगितलं, यशदीप कुमार. फॉर्मवर तुमच्या हातानं लिहिलं. घरी येताना मले म्हणलं, शाळेत कोणी इचारलं तर कुमारच सांगजो. मी सहा वर्षांचा होतो. मी कुमारच सांगितलं. मॅट्रिकच्या कागदावर कुमार, नोकरीत कुमार. सिलतऱ्यात मले अजून कुमारजी म्हणतात. अन् तुम्ही मले रोज इचारता, कणा कुठं गेला."

मारोतीबाबूंजवळ कारण होतं. त्या शाळेत त्या काळी मागच्या बाकावर कुणाला बसवत ते त्यांनी पाहिलं होतं. पोरानं मागे बसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे कारण त्यांनी मुलाला तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला गेले असते तर ते शब्द अगदी यशदीपच्याच तोंडचे वाटले असते. लोक पाह्यतात, बाबा. ते खाली बसले. यशदीपनं स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि तसबीर तशीच राहू दिली.

शनिवारी सकाळी यशदीप कामावर निघून गेला. सुट्टी मिळाली नाही म्हणाला, पण त्यानं मागितली नसावी. अकरा वाजता गोदावरीबाई आणि गंधाली रिक्षातून उतरल्या. बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, बोलायला गोड. मारोतीबाबूंनी मनातल्या मनात त्यांना नापास करायची तयारी ठेवली होती, पण बाईंनी आल्याआल्या हात जोडून नमस्कार केला, पाणी मागितलं, तांब्या उचलून घोट घेतला आणि म्हणाल्या, "घर कसं स्वच्छ ठेवलंय हो सुनेनं." खुर्ची भिंतीकडे पाठ करून होती. तसबीर त्यांच्या डोक्याच्या मागे आली. गंधाली मात्र समोर बसली होती. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग आजीकडे, मग मोबाईलमध्ये डोकं घातलं.

भावनानं गरम वड्या आणि कढी आणली. बाईंनी वडी मोडली, आत पाहिलं, हुंगली, तोंडात टाकली. डोळे मिटले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "माझी सासू करायची अशी. पारी किती पातळ! गंधाली, ही बघ, ह्याला म्हणतात वडी." मग मारोतीबाबूंकडे वळून, अगदी सहज, जशी माणसं हवापाण्याची चौकशी करतात तशी, "तुम्ही मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?"

सारं आयुष्य मारोतीबाबूंनी या प्रश्नाचं उत्तर टपरीवर, विहारात, कॉलनीत दणदणीत आवाजात दिलं होतं. आता खरोखर कुणी विचारलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर दीडशे माणसांचं केळवण आलं, वीस जुड्या सांबार आला, भावनाची हिरवी बोटं आली. समोरची म्हातारी गोड बोलत होती, तिच्या हातात अर्धी वडी होती, आणि ती वडी तशीच खाऊन व्हावी असं त्यांना फार फार वाटलं. त्यांनी तोंड उघडलं.

"आमी... भंडाऱ्याकडचे," ते म्हणाले आणि थांबले.

बाई वाट पाहत होत्या.  'मे' ओठांवर येईना. त्याऐवजी दुसरंच एक नाव, शाळेच्या फॉर्मवरचं, तीन अक्षरी, बिनवासाचं, जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं. त्यांनी ते गिळलं. पण आपलंही काढलं नाही.

"मेश्राम," दारातून आवाज आला. भावना झारा हातात घेऊन उभी होती. "मी भावना मेश्राम. माहेरची गजभिये. वड्या मी करते."

गोदावरीबाईंनी "असं होय" म्हटलं. आवाज तसाच गोड होता. मान वळवून त्यांनी मागची भिंत पाहिली, मग अर्धी वडी बशीच्या कडेला ठेवली. रुमालाला बोटं पुसली, पुन्हा पुसली.

"छान झाल्यात हो. घरी विचारून कळवते."

"दादी, फाइनल तो करके जाओ ना," गंधाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "घरी विचारून," बाई म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या. मारोतीबाबू त्यांना दारापर्यंत पोहोचवायला गेले. का गेले, ते त्यांना कळलं नाही. हात जोडून उभे राहिले आणि रिक्षा वळेपर्यंत हात खाली घ्यायचं विसरले.

दुपारी गंधालीचा मेसेज आला. सॉरी दीदी, मेन्यू बदल गया. भावनानं तो वाचला, मोबाईल पदराला पुसला आणि पाटावर बसून पेज उघडलं. विहंगनं कुठं काय दाबलं होतं ते तिनं त्या रविवारी दारात उभं राहून नीट पाहून ठेवलं होतं. तिनं पेशवाई पंगत पुसली, तिथं स्वतःचं नाव टाकलं. तो पत्ता अजून मोकळाच होता. पगडी काढली, नथ काढली. केळीच्या पानावरच्या पाच वड्या राहू दिल्या. जुना पत्ता छापलेल्या पिशव्यांचा गठ्ठा तिनं शेगडीशेजारी सरकवला, कढईखाली घ्यायला.

संध्याकाळी यशदीप आला. दारातच दोघांचे चेहरे पाहून त्याला कळलं. तो बूट काढत, वर न पाहता म्हणाला, "मी म्हणलं होतं. गेली ना ऑर्डर?"

मारोतीबाबूंच्या तोंडून आता काय बाहेर पडेल याची घरातल्या दोघांनाही सवय होती. भावनानं गॅस बारीक केला.

"गेली," मारोतीबाबू म्हणाले. "पण भावनानं नाव सांगितलं."

"अन् तुम्ही? तुम्ही काय म्हणलं तिले? सुनवलं असन खूप."

मारोतीबाबूंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना मुलाचा चेहरा नीट दिसत नसे, आणि त्या घडीला त्यांना तेच हवं होतं.

"तिनं मलेच इचारलं होतं, यशा," ते म्हणाले. "पह्यले मलेच इचारलं होतं."